फुंकर न घातलेला सांधा

आमच्या घरात जर्मनला भांडं म्हणत नसत. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. भंडाऱ्यात आणि भोवतालच्या गावांत तेव्हा त्याचं तेच नाव. आमचं घर पितळेचं. सासरे पितळ घडवायचे, त्यांचे वडील पितळ घडवायचे, आणि माझं माहेरही त्याच धंद्यातलं, म्हणून तर सोयरीक जुळली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. मामाजी कुणाकडे जेवायला गेले आणि भात जर्मनच्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, वाढला जातोय असं दिसलं, की त्यांची भूक एकदम कमी व्हायची. एवढा राग.

अशा घरात माझ्या नवऱ्यानं जर्मन जोडायचं मशीन आणलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. स्टीलनं पितळेला घराघरांतून हाकलून दिलं होतं, लग्नातसुद्धा लोक स्टीलचे डबे देऊ लागले होते. आमच्या कारखान्यात, म्हणजे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पॉलिशची मोटर आठवड्यातून कधीतरीच फिरायची. नवरा नागपूरला एका वेल्डिंगवाल्याकडे काही महिने राहून आला होता. तिथं त्याला आर्गन वेल्डिंगचा नाद लागला आणि एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून तो ते मशीन घेऊन आला. कपाटाएवढं ते धूड, त्याला पायानं दाबायचा पेडल, आर्गन गॅसचा उंच सिलिंडर, आणि एका नळीच्या टोकाला हातात धरायची टॉर्च. टॉर्चच्या तोंडात टंगस्टनची बारीक काडी असते. तिच्यातून ठिणगीची जोत निघते, भोवतीनं गॅस वाहतो, आणि दुसऱ्या हातानं जर्मनची तार त्या जोतीत बुडवत जायचं. ऐकायला सोपं आहे.

सानगडीकडचं दूध भंडाऱ्याला आणणारा एक टेम्पोवाला होता. त्याचे दुधाचे कॅन आपटून आपटून बुडाशी चिरले होते, आणि भंडाऱ्यात कुणी ते जोडत नव्हतं. नवऱ्यानं त्याला छातीठोक शब्द दिला. आणि त्याच आठवड्यात कारध्याच्या पुलाच्या उतारावर सायकलवरून पडून उजवं मनगट मोडून घेतलं.

हात प्लास्टरमध्ये गेला आणि मामाजींना बोलायला जागा मिळाली. नागपूरचा एक जुन्या मशीनचा व्यापारी त्यांनी ओळखीनं शोधला, त्याला येऊन मशीन पाहायला सांगितलं. नवऱ्याच्या मावसभावानं भिलाईला कंत्राटदाराकडे काम पाहून ठेवलं होतं. प्लास्टर निघालं की मशीन जाणार, मग नवरा भिलाईला जाणार, आणि तिथं खोली मिळेपर्यंत बायको इथंच राहणार, असं ठरलं. कोणी ठरवलं, ते मला माहीत नाही. मला तर कोणी विचारलं नव्हतं. खोली मिळेपर्यंत म्हणजे काय असतं ते मी शेजारच्या घरात रोज बघत होते. शेजारणीचा नवरा पोळ्याला आणि दिवाळीला पाहुण्यासारखा यायचा, आणि त्याचीच पोरं त्याला बघून आईच्या मागं लपायची.

मला माझा नवरा घरात हवा होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि तो मला आवडायचा. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती, आता लिहायला काय जातंय.

एका सकाळी चहा देताना मी नवऱ्याला म्हटलं, कॅन मी जोडते, तुम्ही शेजारी बसून सांगा. तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला. पितळेचा सांधा मला येत होता. माहेरी वडिलांचे डोळे अधू झाल्यावर बारीक सांधे मीच लावायचे. हे त्याला माहीत होतं. मामाजींनाही माहीत होतं, आणि त्यांनी मला अडवलंही नाही. दोन दिवसांत हौस फिटेल असा त्यांचा अंदाज असावा.

साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवला, पदर कमरेला खोचला, डोक्यावर काळ्या काचेचा टोप घातला आणि बसले. भंगारवाल्याकडून फुटके जर्मनचे गंज आणले होते, सरावाला. पहिल्याच गंजाला एवढं मोठं भगदाड पडलं की माझी मूठ आत जावी. दुसऱ्यालाही तसंच, तिसऱ्यालाही. पत्रा शांतपणे जसाच्या तसा दिसायचा, आणि अचानक एक तुकडाच्या तुकडा गळून खाली पडायचा. मला तर तो माझी टर उडवतोय असंच वाटायला लागलं.

चूक कुठं होती ते नवऱ्याच्या ध्यानात आलं. पितळ जोडणारा माणूस रंगावर चालतो. आच लागली की पितळ आधी काळवंडतं, मग लाल होतं, त्या लालीवर टाकणखार वितळून पसरतो आणि मग सांधा भरायचा. लहानपणापासून माझा डोळा त्या लालीला बांधलेला.

"जर्मन लाल होत नाही," नवरा म्हणाला. "तू लालीची वाट पाहून राहिली, अन् तो खाली पडून राहिला."

मग पाहायचं काय? तर पाणी. पत्र्यावर जोत धरली की तिथं आधी काहीच दिसत नाही, आणि मग एकदम ओलसर चकाकी येते, दह्यावर निवळ सुटावी तशी. ती आली की लगेच तार टेकवायची आणि पुढं सरकायचं. सांगायला एक वाक्य, पण डोळ्याला लालीची सवय सोडायला लावणं म्हणजे नाकी नऊ आले. टंगस्टनची काडी तर मी इतक्या वेळा त्या चकाकत्या थेंबात बुडवली की नवरा डाव्या हातानं ती घासून घासून कंटाळला. थेंबात काडी बुडली की फाटकन काळं उडतं आणि सगळी जागा घाण होते. त्यानं मला टॉर्चचा हात टेबलावर करंगळीवर टेकवून धरायला लावला, आणि मग हात स्थिर झाला.

पाणी ओळखता आलं, तर सांधे काळे यायला लागले. नुसते काळे नव्हेत, सगळे भोकाभोकांचे. फसलेला अनारसा दिसतो, तसे. आम्ही सिलिंडरवर संशय घेतला, नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधले, मशीनला शिव्या दिल्या. गॅस तर बरोबर येत होता.

मे महिना होता. पत्र्याच्या शेडमध्ये भंडाऱ्याचा मे म्हणजे काय, ते सांगायला नको. माझ्या शेजारी स्टुलावर टेबलफॅन गरगरत असायचा. त्याच्याशिवाय तिथं बसताच आलं नसतं. एका दुपारी मामाजी आले, फॅनची वायर काढली आणि फॅन उचलून झोपायला घेऊन गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रागातच टॉर्च उचलली आणि हातातला सांधा पुरा केला. टोप वर करून पाहते तर सांधा पांढरा शुभ्र, चकचकीत, एकावर एक खवले ठेवल्यासारखा.

नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आर्गन गॅस सांध्यावर पांघरूण घालायला असतो, आणि आमचा फॅन ते पांघरूण इतके दिवस उडवून लावत होता. मामाजींनी या कामात केलेली ही पहिली मदत, आणि ती त्यांनी झोपून केली. त्या दिवसापासून फॅन शेडमध्ये आला नाही. मी घामानं निथळत बसायचे, पण सांधा पांढरा यायचा.

मधेच एकदा परत काळे ठिपके यायला लागले, तेव्हा मात्र मला लगेच कळलं. सरावाचे गंज घासायला मी पितळेच्या कामाचा ब्रश घेतला होता. पितळेची भुकटी जर्मनमध्ये जाऊन बसली होती. बाजारातून स्टीलच्या तारेचा नवा ब्रश आणला, तो खिळ्याला वेगळा टांगला आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवलं की याला कोणी हात लावायचा नाही. कॅनचा क्रमही ठरवला: आधी सोड्याच्या पाण्यानं धुवायचे, कारण दुधाची चिकटी राहिली तरी सांधा धूर सोडतो. मग त्या ब्रशनं घासायचे, आणि लगेच जोडायला घ्यायचे.

आता खऱ्या कॅनवर हात टाकायची हिंमत आली. पण कॅनचं बूड वर्षानुवर्षं घासून कागदासारखं पातळ झालेलं. सुरुवात झकास व्हायची, आणि बोटभर पुढं गेलं की तापलेला पत्रा हातपाय गाळायचा. नवरा म्हणे भरभर सरक, मी म्हणे याहून भरभर काय उडू? आमचं भांडण ऐकून मामाजी आले. कॅन उलटा करून आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि निघून गेले. थोड्या वेळानं त्यांच्या हातोडीचा आवाज यायला लागला. ते परत आले तेव्हा हातात तांब्याची जाड पट्टी होती, कॅनच्या गोलाईत तंतोतंत बसेल अशी वळवलेली.

"मागून धर," ते म्हणाले. "तांबं आच पिते."

पट्टी सांध्याच्या मागं घट्ट लावली आणि मी पूर्ण वळसा घालून आले, कुठंही भोक नाही. जास्तीची आच तांब्यानं खरंच पिऊन टाकली. मामाजी पाहत उभे होते. मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "जर्मनसाठी नाही केलं. पोराचा शब्द गेला आहे म्हणून केलं." मला एवढंही पुष्कळ होतं.

इथवर सगळं आलं, आणि मग सुरू झाला तो एक थेंब.

कॅन जोडून झाला की आम्ही त्यात पाणी भरून कोऱ्या फरशीवर ठेवायचो. सगळीकडे कोरडं ठणठणीत, आणि एका जागी एक थेंब. तो जमायचा, लोंबायचा, पडायचा, आणि त्याच्या जागी दुसरा यायचा. मी ती जागा घासून परत जोडली, तर थेंब थोडा सरकून निघाला. परत जोडली, परत सरकला. थेंब जागा बदलायचा पण जायचा नाही. टेम्पोवाला दर फेरीला डोकावून विचारायचा, कॅन कुठवर आले. नागपूरच्या व्यापाऱ्याचाही निरोप आला होता की येतो. नवऱ्याच्या प्लास्टरची मुदत संपत आली होती, आणि तो आता रात्री भिलाईच्या गाडीच्या वेळा बोलायला लागला होता, माझ्याकडे न बघता. मी तेव्हा खूप घाबरले होते. इतकं सगळं जमवून एका थेंबासाठी नवरा जायचा, या विचारानं जेवण गोड लागेना.

मी कोळशानं खुणा करायला सुरुवात केली. सांधा कुठं सुरू केला, तिथं एक रेघ. कुठं संपवला, तिथं फुली. प्रत्येक कॅनचा थेंब फुलीवर निघाला. नीट पाहिलं तर तिथं एक बारीक खळगी होती, आणि खळगीत कोंबडीच्या पायासारखी चीर. सांधा सुरुवातीला चांगला, मधे चांगला, आणि संपताना फुटत होता. मी संपवताना असं काय करत होते?

ते मला मामाजींनी दाखवलं, त्यांना न कळता. ते एका समईचा पाय जोडत बसले होते. सांधा भरला, त्यांनी आच बाजूला घेतली, पुढं वाकले आणि सांध्यावर एक लांब फुंकर घातली. टाकणखाराची राख उडाली आणि सांधा पिवळाधमक दिसायला लागला.

आमच्या धंद्यात प्रत्येक सांधा असाच संपतो. माझ्या वडिलांनी मला फुंकर शिकवली होती, त्यांना त्यांच्या वडिलांनी. फुंकर घातल्याशिवाय सांधा पुरा झाला असं कोणी मानत नसे. आणि मी कॅनवर तेच करत होते. वळसा पुरा झाला की पाय झटक्यात उचलायचा, टॉर्च बाजूला, टोप वर, आणि फू. टॉर्च विझल्यावरही गॅस थोडा वेळ सूं करत वाहत राहतो. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तो सांध्यावरच वाहू दे, पण तो उगाच वाया जाणारा गॅस समजून मी टॉर्च बाजूला घेत होते, वितळलेला थेंब उघडा टाकत होते, आणि वरून त्याच्यावर फुंकत होते. फॅन शेडबाहेर काढला होता आणि दुसरा फॅन तोंडात ठेवला होता. मला इतकं हसू आलं की मामाजींनी वळून पाहिलं.

लगेच एक कॅन घेतला. नवरा स्टुलावर बसला, मामाजी दाराशी येऊन उभे राहिले. वळसा घालत आले, जिथं सुरू केलं होतं तिथं पोचले, सांधा तसाच थोडा पुढं, सुरुवातीच्या भागावर चढवला, एक थेंब तार जास्तीची दिली आणि पेडलवरचा पाय हळूहळू, अगदी हळूहळू सोडला. जोत बारीक होत विझली. टॉर्च तिथंच धरून ठेवली. गॅस सूं करत होता.

"फुंक मार ना, बाई," मामाजी मागून म्हणाले. "काहून थांबली?"

मामाजींचा शब्द मोडायचं धाडस त्या घरात मी आजवर केलं नव्हतं. ओठ आपसूक चंबू झाले होते, इतकी ती सवय. मी ते दातांत दाबून धरले. गॅसचा आवाज बारीक होऊन थांबला, तेव्हा कुठं टॉर्च उचलली.

"मामाजी, याले फुंक चालत नाही," मी म्हणाले.

"आमच्या घरी बिनफुंकीचा सांधा कोणी लावला नाही."

"मग हा पहिला."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतः बादली उचलली आणि कॅन काठोकाठ भरला. फरशीवर ठेवला, शेजारी पाट टाकून बसले आणि पान लावायला घेतलं. त्यांचं पान संपलं. फरशी कोरडी. चहा झाला. फरशी कोरडी. मामाजींनी कॅनच्या बुडाखालून तळहात फिरवला, तो उजेडात धरून पाहिला, आणि परत एकदा फिरवला.

"कोरडा आहे," ते म्हणाले.

त्यानंतर मी एकामागून एक कॅन असे उडवले की नवऱ्याला ते घासून द्यायला डावा हात पुरेना. जुने गळके सांधेही उकलून नव्यानं भरले. काळ्या काचेआड मी गुणगुणायला लागले होते, आणि मला वाटतं दोघांनाही ऐकू जात होतं. जाऊ दे की!

टेम्पोवाला कॅन न्यायला आला तेव्हा नागपूरचा व्यापारीही येऊन बसला होता. दोघांची वेळ जमवून आणली नव्हती, पण माझ्या मनासारखीच जमली. टेम्पोवाला पक्का माणूस. त्यानं एकेक कॅन भरून पाहिला, एक तर टेम्पोवरून मुद्दाम जमिनीवर टाकला. पोचा आला, पाणी आलं नाही. तो म्हणाला की बाकीचे कॅन पुढच्या फेरीला आणतो, आणि साकोलीकडचे आणखी दोघे विचारत होते, त्यांनाही इकडेच पाठवतो.

व्यापारी तोवर मशीनभोवती फिरत होता, बैलबाजारात बैल बघतात तसा. त्यानं दरवाजा उघडून आत पाहिलं, पेडल दाबून पाहिला. मग नवऱ्याच्या प्लास्टरकडे बघून मामाजींना हसत म्हणाला की चालवणारा तर लुळा पडला, आता हे धूड घरात ठेवून काय करता?

मी दारात उभी होते, शर्ट अंगात तसाच, तोंड घामानं काळं. बोलावणारे मामाजी होते, शब्द त्यांचा गेला होता, आणि दिलेला शब्द मामाजी फिरवत नसत.

"मशीन विकाची नाही," मामाजी म्हणाले.

व्यापाऱ्यानं विचारलं, मग चालवणार कोण?

"सून चालवते." त्यांनी माझ्याकडे बोट नाही केलं, पण पुढचं वाक्य मला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "तुमच्या नागपूरले कोणाले पातळ जर्मन जोडता येत नसन, तर इकडं पाठवजा."

व्यापाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी आत पळाले, चुलीपुढं बसून आधी पोटभर रडले, मग पोटभर हसले, आणि मग सगळ्यांसाठी चहा टाकला. व्यापाऱ्यालाही दिला. तो बिचारा रिकाम्या हातानं जायचा होता.

नवऱ्याचं प्लास्टर निघालं. मावसभावाला निरोप गेला की येत नाही. पुढं त्याचा हात सुधारल्यावर त्यानं टॉर्च घेतली आणि मी तार दिली, कधी मी टॉर्च घेतली आणि त्यानं तार दिली. भिलाई मी पाहिली, पण बऱ्याच वर्षांनी, त्या मावसभावाच्या मुलीच्या लग्नात. आम्ही दोघं मिळून गेलो, पंगतीला शेजारी शेजारी बसून जेवलो, आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं मिळून घरी आलो.